गोजरबाईनं विकत घेतलेली लेकरं

हसनाबादच्या बायकांना गोजरबाई कोण, हे सांगायची गरज न्हाई. पण तुम्ही मोबाईलवर जिला पाह्यलं, पाठमोरी, डोक्यावर पाटी, काखेत बोचकं, ती बाई कोण हे तुम्हाला ठाऊक न्हाई. ठाऊक नसताना तुम्ही तो व्हिडिओ पुढं ढकलला. म्हणून मी सांगते. मी नंदाबाई, रामकिसनची बायको, हसनाबादची. माझा आवाज चढतो, असं माझं पोरगं म्हणतं. चढू दे.

गोजरबाई भोकरदनची. लोकांचे जुने कपडे घ्यायचे आन त्याच्या बदल्यात स्टीलची भांडी द्यायची, हा तिचा धंदा. सकाळच्या गाडीनं उतरायची, गल्लीच्या तोंडाशी उभी राहून "भांडेऽऽय" अशी हाक द्यायची, की बायका हातातलं काम टाकून बाहेर. साडी उन्हात धरून भोकं बघायची. म्हणायची, "नंदाबाई, एवढ्यावर पातेलं मागती? हिला पदरच न्हाई. नवऱ्यानं ओढला का उंदरानं खाल्ला?" समद्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. मी म्हणायचे, "द्यायचं तर दे, न्हाईतर चालती हो." ती चालती व्हायची न्हाई. चहा झाल्याबिगर तर बिलकुलच न्हाई. भाव करताना भांडल्यासारखी भांडायची आन शेवटी पातेल्यात एक चमचा टाकून द्यायची. तिचा नवरा ट्रकवर गेल्ता तो गेलाच, परत आला न्हाई. पोरबाळ झालं न्हाई. ह्याच्यावर ती कधी रडली असंल तर माझ्यापुढं न्हाई रडली.

आता लेकरं विकत घ्यायचं सांगते. नीट ऐका, कारण समदा घोटाळा ह्याच शब्दाचा हाय.

माझी पहिली दोन लेकरं पाळण्यातच गेली. तिसऱ्या वेळी माऊली झाला, तो येवढासा, हातात धरायची भीती वाटायची. सासू म्हणली, हे लेकरू आपलं ठेवू नका, विकून टाका. आमच्याकडं तशी रीतच हाय. ज्या घरात लेकरं जगत न्हाईत, त्या घरानं लेकरू परक्या बाईला विकायचं. पैशानं न्हाई, पसाभर कोंड्यावर. मंग लेकरू न्यायला सटवाई आली तरी तिला वाटतं, हे ह्या घरचं न्हाई, आन ती आल्या पावली माघारी जाते. त्या दिवशी दारात गोजरबाईच उभी होती. सासूनं तिला विचारलं. गोजरबाईनं पाटीतली भांडी खाली उतरवली, पाटीत माझं जुनं लुगडं हातरलं, त्याच्यावर माऊलीला निजवलं आन सुपात पसाभर कोंडा टाकला. मंग पाटी डोक्यावर घेऊन गल्लीतून चालली, ती पार मारुतीच्या देवळापर्यंत. माझा जीव नुसता टांगणीला. ती परत आली, पाटी माझ्यापुढं ठेवली आन म्हणली, "हे माझं लेकरू हाय. मला हिंडायचं ऱ्हातं, तवा तुझ्यापाशी सांभाळायला ठेवते. कमी पडू देऊ नको, न्हाईतर बघून घेईन."

पोरगं जगलं. जालन्याच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवल्तं म्हणून जगलं, असं माऊली म्हणतो. असंल. मला दोन्ही खरं वाटतं.

मंग आसपासच्या गावांतून गोजरबाईला बोलावणी यायला लागली. राजूरच्या एकीचा घेतला, आणखी कुठली पोरगी घेतली. समदी जगली असं न्हाई, पण जी जगली ती तिची. दर खेपेला विचारायची, "माझं कुठंय?" बोचक्यात आलेल्या जुन्या कपड्यांतून चांगला सदरा बाजूला काढून आणायची, कारण विकलेल्या लेकराला दुसऱ्याचं उतरलेलं घालायची रीत. आम्ही पाळण्यात नाव माऊली ठेवलं, पण ती हाक मारायची कोंड्या. माऊली तिला माय म्हणायचा. तिच्या बोचक्यावर चढून बसायचा आन पुऱ्या गल्लीत ओरडायचा, "मला इकत घेतलंय! मला इकत घेतलंय!"

मोठा झाल्यावर लाजायला लागला. शाळेत एका पोरानं ओळखलं की ह्याच्या अंगातला सदरा माझा हाय. माऊलीनं घरी येऊन तो सदरा चुलीत टाकला आन मला म्हणला, "पुन्हा कोंड्या म्हणलं तर बघा." मंग गोजरबाई यायची तवा तो घराबाहेर जायचा. पुढं छत्रपती संभाजीनगरला शिकायला गेला, तिथून भोकरदनला येऊन खोली केली. तिच्याच गावात ऱ्हात होता, पण वर्षानुवर्षं तिचं तोंड पाह्यलं न्हाई. ती मला विचारायची, "कोंड्या काय करतो?" मी सांगायचे, मोबाईलवर बातम्या देतो. ती म्हणायची, "चांगल्या देतो का?"

चांगल्या देत होता सुरुवातीला. कापसाचा भाव, एसटीच्या वेळा, कुठं पाईप फुटला. स्वतःचं पान काढल्तं मोबाईलवर, "आपली खबर". पण कापसाच्या भावाला कोण बघतं? बिबट्या दिसला म्हणलं की हजारो माणसं बघत. बिबट्या दुसऱ्याच जिल्ह्यातला ऱ्हायचा. मी म्हणलं, अरे हे आपल्याकडचं हाय का? तर म्हणला, "आई, मी आपल्याकडचं असं कुठं लिवलंय? सावध ऱ्हावा एवढंच लिवलंय."

आन आम्ही तरी कुठले शहाणे? गणपती दूध पितो म्हणलं तवा मी नवी नवरी होते, वाटी घेऊन रांगेत उभी राह्यले, आन चमच्यातलं दूध कमी झालेलं ह्या डोळ्यांनी पाह्यलं. दोन हजाराच्या नोटेत चिप हाय म्हणून आमच्या मालकानं ती उन्हात धरून तासन् तास पाह्यली. मला म्हणले, दिसती बराबर. काय दिसत होतं देव जाणे. माणसाला जे बघायचं ऱ्हातं ते दिसतं. सटवाईला आम्ही जे सांगितलं तीपण खोटीच बातमी होती म्हणा. पण तिच्यानं कुणाचा हात मोडला न्हाई.

गेल्या उन्हाळ्यात माझी पोरगी आकांक्षा बाळंत झाली, परतूरला, तिच्या सासरी. मी तिथं गेल्ते. एक दिवस तिची सासू घाबरी होऊन आली, समदी दारं लावली आन म्हणली, "विहीणबाई, बाळाला ओट्यावर नेऊ नका. लेकरं उचलणारी टोळी आलीय. हे बघा, ती बाई स्वतःच्या तोंडानं कबूल करून राह्यली." मोबाईल माझ्यापुढं धरला. वर लाल अक्षरं, खाली धडधड धडधड वाजणारं काहीतरी. पाठमोरी बाई, डोक्यावर पदर, पाटी, काखेत बोचकं. पुढं एक तरणी बाई लेकरू कडेवर घेऊन उभी. आन आवाज आला, "ही पोरगी मला देती का? घेते की इकत. लई घेतलेत मी आजवर, हसनाबादचा घेतला, राजूरचा घेतला..." तिथंच तोडलेलं.

अगं बाई! पाठीवरून न्हाई ओळखलं मी, आवाजावरून ओळखलं. ती मस्करी होती हो. कुण्या सुनेशी भाव करताना केलेली, नेहमीची मस्करी. पुढं ती "पसाभर कोंड्यावर देती का" म्हणली असंल, त्या सुनेची सासू हसली असंल. ते कापलं. कुणी कापलं कुणास ठाऊक. पण खाली नाव होतं "आपली खबर".

मी माऊलीला फोन लावला. उचलला न्हाई. पुन्हा लावला. उचलला तो खुशीत. "आई, बघितलं का? पार नांदेडपर्यंत चाललाय व्हिडिओ!"

म्हणलं, "मुडद्या, ती बाई कोण हाय?"

"कोण असंल ती. कुणीतरी पाठवला मला."

"आवाज ऐकला का तू?"

"ऐकला की. कबूलच करती ती. मी पदरचं काय टाकलं त्याच्यात?"

"टोळी कुठून आणली रे? बाई एकटी उभी हाय."

"तसं लिवावं लागतं आई."

"हसनाबादचा घेतला म्हणती ती. हसनाबादचा कोण घेतला? अरे तू! तू घेतला, कोंड्या! गोजरमाय हाय ती!"

त्यानं फोन ठेवला.

त्यानं लगेच काढला म्हणे व्हिडिओ. काढून काय उपयोग? तो कवाच दुसऱ्यांच्या मोबाईलमध्ये जाऊन बसल्ता, त्याच्यावर दुसऱ्यांची नावं आल्ती. एकानं जालना लिवलं, एकानं परभणी, एकानं तर बाईच्या जागी पाच बायका केल्या. माऊलीनं नवीन बातमी टाकली की हा व्हिडिओ अर्धवट हाय, ही बाई भांडेवाली हाय, कृपया पसरवू नका. ती कुणी पाह्यली? आमच्या गल्लीत कुणी न्हाई पाह्यली. कारण तिच्यात धडधड वाजत नव्हतं.

आन गोजरबाईला ह्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिच्याकडं बटणाचा फोन. ती दुसऱ्या दिवशी पाटी घेऊन निघाली. कोणत्या गावाला ते मी सांगणार न्हाई, गावाचं नाव घेतलं की लोक म्हणतात त्याच गावची माणसं तशी. माणसं समदीकडं तशीच. आठवडी बाजार होता. एका पोरानं तिला पाह्यलं आन मोबाईल काढून जुळवलं. पाटी हाय, बोचकं हाय, पदर हाय. गराडा पडला. कुणी म्हणलं, बोचकं सोड. तिनं सोडलं. त्याच्यात काय असणार? लोकांनी दिलेले जुने कपडे. आन लोक जास्त काय देतात? लेकरांचेच देतात, कारण लेकरं वाढतात, कपडे वाढत न्हाईत. झबली निघाली, चड्ड्या निघाल्या, फ्रॉक निघाले. मंग काय, पुरावाच मिळाला. "लेकरं कुठंत? सांग, लेकरं कुठं नेली?" ती म्हणत होती, "अहो, ताटावर दिलेत हे, ताट दिलं मी." कोण ऐकतं! तिला मारलं. तिथल्या अंगणवाडीच्या बाईनं मधी पडून तिला ओढून आत घेतलं आन कडी लावली, म्हणून जीव वाचला. पाटी धरायचा उजवा हात मोडला. भांडी लोकांनी तुडवली, म्हणजे काही तुडवली आन काही नेली. पोरं उचलणारीची भांडी चालली त्यांना.

मी परतूरहून आले. हसनाबादला आधी माझ्या गल्लीतल्या बायकांवर तुटून पडले. "तुम्हाला आवाज ओळखू आला न्हाई? त्या आवाजाशी जिंदगीभर भाव केला तुम्ही!" एक म्हणली, "वाटलं होतं गं जरा तिच्यासारखा. पण मनाला म्हणलं, आपली गोजरबाई कशाला, दुसरीच असंल कुणी." दुसरी म्हणली, "मोबाईलवर आलं ना, मंग आपल्या कानाचं काय खरं?" तिसरीनं तर आपली पोरगी त्याच गोजरबाईला विकली होती. ती घरात निघून गेली. त्यांना मी किती बोलावं? आमच्या मालकानंही तो व्हिडिओ त्यांच्या भावाला पाठवल्ता. ज्यांनी पोरगं पाटीत निजवलेलं पाह्यलं त्यांनी! विचारलं तर म्हणले, "लेकरांची बात होती, म्हणून म्हणलं कळवावं. खोटं असलं तरी सावध ऱ्हाण्यात काय जातं?" काय जातं! मी त्यांना त्या दिवशी ताट वाढलं न्हाई.

मंग मी आन माऊली तिच्याकडं गेलो, भोकरदनला. पत्र्याची एक खोली. ती भिंतीला टेकून बसल्ती, हात गळ्यात बांधलेला, एक डोळा सुजलेला. मला बघून म्हणली, "या, नंदाबाई. बसा तुम्ही." तुम्ही! पाटीत माझं लेकरू घेतल्यापासून तिनं मला तू म्हणलं होतं. मला तिथंच रडू कोसळलं.

माऊली तिच्या पायावर डोकं ठेवून म्हणला, "माय, मी टाकल्ता तो व्हिडिओ. मी ओळखलं न्हाई तुला." ती म्हणली, "पाठमोरी होते मी. कसा ओळखशील?" तिनं त्याला शिवीसुद्धा दिली न्हाई. माझी इच्छा होती की तिनं द्यावी. एक सणसणीत कानाखाली वाजवावी डाव्या हातानं, मी धरलं नसतं.

माऊलीनं सांगितलं की त्याच्या मनात काय हाय. तिनं स्वतः मोबाईलपुढं बोलावं, ही रीत काय असते ते सांगावं, तो बाजूला बसंल आन म्हणंल की तो हसनाबादचा मीच. म्हणजे तिचं नाव साफ होईल आन ती पुन्हा गावोगाव हिंडू शकंल. मला पटलं. म्हणलं, "गोजरबाई, बोल तू. खरं हाय ते सांग, मी हाय साक्षीला." तिनं त्या मोबाईलकडं पाह्यलं. मंग म्हणली, "चालू केला का?"

माऊली म्हणला, "हां माय. बोल."

तिनं पदर सावरला. म्हणली, "मी गोजरबाई. भांडे विकते. मी कुणाचं लेकरू घेतलं न्हाई."

माऊली हळूच म्हणला, "माय, तसं न्हाई. कोंड्यावर घेतल्तं ते सांग. मला घेतल्तं ना तू?"

"न्हाई बाबा. तू नंदाबाईचा हाय. मला लेकरूच न्हाई, मी कशाला कुणाचं घेऊ? मी आजवर कुणाचंच घेतलं न्हाई. जुनी कापडं घेते, भांडे देते. मला मारू नका."

रीत म्हणा, खूळ म्हणा, पण जे लेकरू तिचं म्हणून जगलं ते तिनं आज माझ्या पदरात परत टाकलं, आन तेही समद्या जगासमोर. मी म्हणलं, "अगं, असं नको बोलू!" तिनं माझ्याकडं पाह्यलंसुद्धा न्हाई.

तोच व्हिडिओ माऊलीनं टाकला, कारण दुसरा करायला ती तयार झाली न्हाई. आन तो मात्र लोकांनी पाह्यला, पुढं पाठवला. "बिचारी खरं बोलून राह्यली" असं खाली लिवलं. आमच्या गल्लीतल्या बायकासुद्धा म्हणल्या, बघा, तिनं घेतलीच नव्हती लेकरं. तिच्या आयुष्यातलं तेवढं एकच खोटं, आन तेच लोकांना पटलं.

पण त्या खोलीतलं अजून राह्यलं सांगायचं. मोबाईल खिशात घालून माऊलीनं तिच्या मांडीवर डोकं टाकलं आन लहान पोरासारखा रडला. बापाच्या आजारपणात न्हाई रडला असा. "माय, मला कोंड्या म्हण. एकदा म्हण." तिचा उजवा हात बांधलेला होता. डावा मोकळा होता. तो उचलला तिनं, त्याच्या केसांपाशी आणला, आन तसाच माघारी घेऊन मांडीखाली दाबून धरला.

"अगं, ठेव ना हात," मी म्हणलं.

"मोबाईल..." ती म्हणली.

माऊलीनं मोबाईल काढून तिच्यापुढं धरला, काळा पडदा दाखवला. "बंद हाय, माय. बघ, बंद हाय."

"मला तुमचं चालू-बंद कळत न्हाई बाबा," ती म्हणली, आन हात काही काढला न्हाई.